मुलगी राजी?

डोक्यावरची काळी हॅट काढून छातीशी धरायची, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं, "मुलगी राजी?" आमच्या भोरच्या बँडमास्तरांचा हा पहिला प्रश्न. मुहूर्त केव्हाचा, वरात कुठून निघणार, जेवणाचं काय, हे सगळं मागाहून. मुलीचा बाप सुपारी पुढे करून उभा असायचा आणि हे गृहस्थ सुपारीकडे न बघता मुलीच्या तोंडच्या उत्तराची वाट पाहत उभे.

गावाला थट्टेला एवढं पुष्कळ झालं. वाणी गुळाची ढेप फोडताना म्हणायचा, "घ्या हो, गूळ राजी आहे." नव्या म्हशीची धार काढताना गवळी म्हणायचा, "म्हैस राजी न्हाई आज." मास्तर हे सगळं ऐकून घ्यायचे, हसायचेसुद्धा, आणि पुढच्या लग्नघरी पुन्हा हॅट छातीशी.

ते गोव्याकडचे ख्रिस्ती. भोरला तेव्हा संस्थान होतं. कुणा बड्या घरच्या मुंजीत पुण्याहून बँड आला होता. मुंज उरकली, बाकीचे वाजंत्री परत गेले, हे एकटे राहिले. का राहिले ते कुणी विचारलं नाही. उत्रोलीच्या नि आसपासच्या भातवाल्यांच्या पोरांना हाताशी धरून त्यांनी आपला बँड उभा केला. भातलावणी चालू असली की बँड बंद. पोरं चिखलात, आणि मास्तर बांधावर बसून आपलं फुंकायचं पितळी कॉर्नेट पुशीत असायचे.

मराठी ते या पोरांकडूनच शिकले, त्यातही ढोलवाल्या धोंडिबाकडून. त्यामुळे अंगात कोट, पायांत बूट आणि तोंडात उत्रोलीची भाषा, असा प्रकार. नवखा माणूस त्यांना साहेब समजून अदबीने पुढे जायचा आणि ते म्हणायचे, "लई ऊन हाय, हितं सावलीत या की." शुक्रवारी ते मांसाला शिवत नसत, याचं आमच्या आळीतल्या बायकांना फार कौतुक. आठवड्यातून एक दिवस का होईना, माणूस शुद्धीवर येतो म्हणायच्या.

आमच्या उपाध्यायांशी त्यांचा एक कायमचा वाद होता. मास्तर म्हणायचे, "आमच्यात पाद्री लगीन लावत न्हाई. त्यो नुसता साक्षीला. लगीन लावत्यात ती दोघंच, आपापल्या तोंडानं. पोरगी बोलली न्हाई, तर घंटा वाजली काय, फुलं पडली काय, लगीन झालंच न्हाई."

"मग पाद्रीला दक्षिणा कशाची देता?" उपाध्याय विचारायचे.

"कान उघडं ठेवल्याची," मास्तर म्हणायचे.

आणखी एक खोड होती, आणि तिने मात्र बायकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रस्त्यात कुणी दिवस गेलेली बाई दिसली की हे बाजूला होऊन हॅट काढायचे. मग ती वकिलीणबाई असो की डोक्यावर गवताचा भारा घेतलेली कातकरीण. पोट झाकायला पदर पुरत नसे तेव्हा. कुणी टोकलं तर मास्तर गंभीरपणे सांगायचे, "त्यात लाजायचं काय? देह देवानं केल्याला. आन् तितं तर दोघंजणं हायती. दोघांना येकच सलाम केला, त्यो बी कमीच." देह, पोट, असले शब्द आमच्या घरात पुरुषमाणसाने चारचौघांत उच्चारले नसते. हे गृहस्थ भर पेठेत बोलायचे.

त्यांच्या घरी बायको दिसत नव्हती. कुणी चिडवायचं, "मास्तर, इतक्यांच्या लग्नांत वाजवता, आपलंही एकदा उरकून टाका." ते म्हणायचे, "झालंय की. अजून चालू हाय." यावर हशा व्हायचा. पहिली माहेरी बसवून दुसरी करणारे पुरुष गावात काही थोडे नव्हते, त्यांना तर हे फारच गमतीचं वाटे. मास्तर मात्र अशा लग्नाची सुपारी घेत नसत. "येक चालू असताना दुसरं कसं चालू व्हईल?" एवढंच म्हणायचे.

आता माझ्या लग्नाकडे येते. इतकी वर्षं झाली तरी त्या दिवसाचं लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

आमचे अप्पा संस्थानच्या कचेरीत होते. कडक माणूस. बँडवाला आपल्या मुलीला काहीबाही विचारणार, हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी सुपारी शिपायाबरोबर परस्पर धोंडिबाकडे धाडली. मास्तरांचा प्रश्न तसाच राहिला. तो घेऊन ते लग्नाच्या दिवशी सकाळी हजर झाले.

मी गौरीहरापाशी बसले होते. पिवळं लुगडं, समोर गौर, हातात तांदूळ. शेजारी आत्या पहाऱ्याला. तिने बजावलं होतं, "खाली बघून बस. मुहूर्त लागेपर्यंत तोंडातून ब्र काढशील तर याद राख." निरांजनाचा धूर डोळ्यांत जात होता. त्यात पलीकडच्या खोलीतून आईच्या हुंदक्यांचा आवाज. माझ्याही डोळ्यांना धार लागलेली. एवढ्यात खिडकीशी सावली आली.

"बाय, येक इचारायचं व्हतं. तू राजी हाईस का?"

मी मान आणखी खाली घातली. आत्या खेकसली, "अहो, हे काय? जा तिकडे!" मास्तर हलले नाहीत. "तिनं बोलावं. निस्तं व्हय म्हन, बाय, मंग जातो." मला वाटलं धरणी दुभंगावी. परक्या पुरुषाला, आपल्याच लग्नाबद्दल, मी 'हो' म्हणायचं? आमच्या घरात चांगल्या मुलीचं गप्प बसणं हेच तिचं 'हो' होतं. त्याहून जास्त तिने बोलणं म्हणजे आगाऊपणा. मास्तरांच्या हिशेबात गप्प बसणं म्हणजे 'नाही'. त्यात त्यांनी माझे ओले डोळे पाहिले. सावली खिडकीतून निघून गेली आणि आत्याने सुस्कारा सोडला.

मुहूर्त लागला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, अक्षतांचा पाऊस पडला आणि चहूकडून ओरडा झाला, "वाजवा! वाजवा!"

काही वाजलं नाही.

लोकांना आधी वाटलं, बँडवाल्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडा झाला. धोंडिबा ढोलावर टिपरू उगारून मास्तरांकडे बघत राहिला होता. मास्तर मांडवाच्या कडेला, कॉर्नेट काखेत, हॅट छातीशी. ते म्हणाले, "माफी करा. मुलगी बोलली न्हाई."

नवरदेवाच्या मामांनी तोंड उघडलं. "बोलली नाही म्हणजे? हिच्या मनात दुसरं कुणी आहे की काय?" एवढं वाक्य पुरे होतं. मांडवात मोडलेल्या लग्नाची मुलगी पुढे कुणी करत नसे. तिच्या पाठच्या बहिणींनाही कुणी विचारत नसे. अप्पांचं तोंड उघडं राहिलं होतं. कचेरीत ज्यांच्या आवाजाला लोक टरकत, त्यांना शब्द सापडेना. मी त्यांना तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे त्यांच्यावर ही पाळी आली, या लाजेने मला उभं राहवेना.

समोर नवरदेव होते, हातात हार धरून. कामथडीचे, नसरापूरच्या शाळेत शिक्षक. ते अगदी हळू म्हणाले, "तुमची इच्छा नसेल तर मी हार घालणार नाही. भिऊ नका."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं, त्यावर चिकटवलेला कापूस तसाच राहिला होता. मला एकदम कळलं की मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही मला विचारलं नव्हतं. मी विचारलं, आणि उत्तर आलं. ते नुसतं हळू सांगायलाही मला सगळा जोर लावावा लागला, आणि जोर जास्त झाला. नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी मी ओरडले, "आहे! मी राजी आहे!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. आणि बँड वाजू लागला. काय वाजवत होते देव जाणे, ढोल एकीकडे, झांजा दुसरीकडे, पण कॉर्नेट असं काही वाजत होतं की अप्पांनासुद्धा उपरण्याने डोळे टिपावे लागले.

माझं नाव मात्र पडायचं ते पडलंच. 'बोलकी नवरी.' सासरी पाऊल टाकायच्या आत ते नाव कामथडीला पोचलं होतं. सासूबाई कुणापुढेही म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंना कशाची भीड नाही हो. स्वतःच्या लग्नात ओरडल्या." मी चुलीत तोंड खुपसून बसायची. ह्यांनी मात्र त्यावरून मला कधी बोल लावला नाही. उलट बाजारातून गवारी आणली तरी पिशवी पुढे करून विचारायचे, "राजी?" आणि ज्या गोष्टी त्या काळी कुणी नवरा बायकोला विचारत नसे, त्याही त्यांनी मला विचारल्या. याहून जास्त लिहीत नाही.

पहिलटकरीण म्हणून माहेरी आले, तेव्हा एक दिवस ओट्यावर उन्हाला बसले होते. मास्तर रस्त्याने चालले होते. मला पाहिलं, बाजूला झाले, हॅट काढली. माझा राग इतका साठला होता की लाज विसरून मी हाक मारली. आई आत तांदूळ निवडत होती. मास्तर खालच्या पायरीवर बसले.

"तुम्ही माझी अब्रू घालवलीत," मी म्हणाले. "मला सासरी रोज ऐकून घ्यावं लागतं. का असं केलंत?"

ते बराच वेळ हॅटची कड बोटांत फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं बोलले.

"माझ्या लग्नात बी पोरगी बोलली न्हाई, बाय. तिच्या काकानं ठरवलं व्हतं. तिला दुसरा कुनी हवा व्हता, म्हाईत असंल गावाला, मला न्हाई. पाद्री म्हातारा, ऐकायला कमी. त्यानं इचारलं, तिचा घुंगट हालला, त्यो म्हनला, झालं. पर म्या खेटून हुबा व्हतो. तिच्या तोंडातनं सबूद निघाला न्हाई. म्या ऐकलं, ती बोलली न्हाई ते. आन् म्या बी गप ऱ्हायलो. लई देखनी व्हती ती."

"आमच्यात म्हनत्यात, लगीन झालं की दोन देहांचा येक देह. तिचा देह तिनं स्वताच्या तोंडानं द्यायचा, म्या माझा द्यायचा. तिनं दिला न्हवता. आन् म्या घेतला. तीन म्हैनं माझ्या घरात व्हती. येकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाई. मंग गेली. बाय, ती लाज माझ्या हातांत बसलीय. वाजवताना जाती, थांबलो की येती."

त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते. परक्या माणसाने मला असलं काही सांगावं आणि मी ऐकावं, याची मलाही लाज वाटत होती. पण उठवेना.

"मग आता ती कुठे आहे?"

"हाय तिच्या भावाकडं. तिला बी दुसरं करता येत न्हाई, मला बी न्हाई. चालू हाय ना." ते हसल्यासारखं करून थांबले. "म्या जर बिशपच्या कचेरीत जाऊन सांगितलं, की ती बोलली न्हवती, तर त्ये लगीन झालंच न्हाई असं धरत्यात. ती सुटंल."

"मग सांगत का नाही?"

"ते इचारतील, तुला ठावं व्हतं, मंग तिला घरी कशी नेलीस? सगळ्यांम्होरं इचारतील."

मी काय बोलते आहे याचा विचार न करता मी म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला सगळ्या मांडवासमोर बोलायला लावलंत. तुम्ही नाही बोलला."

त्यांच्या कानांपर्यंत रक्त चढलेलं मी पाहिलं. बापाच्या वयाचा माणूस. मला वाटलं, हे मी बोलायला नको होतं. ते उठले, हॅट डोक्यावर ठेवली आणि चालू लागले.

माझं बाळंतपण नि बाळाचं बारसं उरकायच्या आत धोंडिबा सांगत आला, "मास्तर गेलं. गोव्याला जातो म्हनलं. वाजवायचा पितळी करना माज्यापाशी ठेवून गेलं, पेटीसकट." कधी येणार ते विचारलं तर त्याने मान हलवली. आम्ही सणासुदीला वाट पाहिली. मास्तर आले नाहीत.

मग लढाईचे दिवस आले, रॉकेलची नि साखरेची मारामार सुरू झाली. त्याच दिवसांत माझ्या नणंदेचं, यमूचं लग्न ठरलं. सासरे वारलेले, घरचे कर्ते हेच. यमूचं वय उलटत चाललं होतं, रंग सावळा. सासूबाईंच्या भावाने वेल्ह्याकडचं स्थळ आणलं. शेतीवाडी उत्तम, वय जरा जास्त, आणि पहिली बायको मूल नाही म्हणून माहेरी धाडलेली. "मूल हवं म्हणून करतायत, यात वाईट काय?" सासूबाई म्हणाल्या. ह्यांच्या मनात नव्हतं. माझ्याही नव्हतं. पण आम्ही दोघंही गप्प राहिलो, आणि आमच्या घरात गप्प राहण्याचा अर्थ काय होत असे, ते मी वर लिहिलंच आहे.

बँड भोरचाच आला, आता तो धोंडिबाचा होता. त्याने अंगणात यमूच्या मामांना विचारलं, "मुलगी राजी?" मामा म्हणाले, "राजी, राजी. तू वाजव." धोंडिबाने मान हलवली. "बाप्यामानसाच्या तोंडचं धरायचं न्हाई, मास्तर बजावून गेल्यात." आणि तो खिडकीशी आला.

यमू गौरीहरापाशी बसली होती. पिवळं लुगडं, मान खाली. तिच्याशेजारी, जिथे माझी आत्या बसली होती तिथे, मी बसले होते. धोंडिबाने बँडची टोपी काढून छातीशी धरली. "ताई, तुमी राजी हायसा का?"

यमू गप्प. धोंडिबा माझ्याकडे बघू लागला. दारातल्या बायकाही माझ्याकडे बघू लागल्या. 'राजी आहे, जा रे' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मान वर न करता यमू म्हणाली, "वहिनी, नाही म्हटलं तर चालतं?"

मी बोलकी नवरी. मला वाटायचं, बोलून मी मोठी लाज सोसली. पण माझं उत्तर 'हो' होतं म्हणून मी निभावले होते. 'नाही' हेही एक उत्तर असतं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मास्तरांना सुचलं होतं. ते त्या उत्तरासाठीच तर खिडकीशी थांबत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी यमूचा तांदळाने भरलेला हात घट्ट धरला.

"चालतं," मी म्हणाले.

"मग नाही," यमू म्हणाली. किती हळू म्हणाली, पण धोंडिबाने ऐकलं.

मी उठून ह्यांना सांगितलं. ह्यांनी पागोटं काढून ठेवलं आणि बोडक्या डोक्याने वरपक्षाच्या बिऱ्हाडी गेले, हात जोडून उभे राहायला. तिथे त्यांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी सोडलं. भावकीने कित्येक वर्षं आम्हाला कार्याला बोलावलं नाही. केलेला सगळा स्वयंपाक गावात वाटला.

उन्हं कलता बँड परत निघाला. कुणी काही वाजवलं नव्हतं, त्यामुळे पोरं चुकल्यासारखी चालत होती. मी धोंडिबाला मास्तरांचं काही कळलं का विचारलं. "न्हाई, बाईसाब. बोललं असतील तर कुनाला ठावं." मास्तर तिकडे जाऊन खरंच बोलले की वाटेतच धीर खचून दुसऱ्या गावी राहिले, हे मला आजही माहीत नाही. ती बाई सुटली असावी, अशी माझी फार इच्छा आहे.

धोंडिबाने मास्तरांचं कॉर्नेट फडक्यात गुंडाळून काखेत मारलं. वळता वळता तो थांबला. यमू खिडकीत येऊन उभी होती, अजून त्याच पिवळ्या लुगड्यात. त्याने टोपी काढली, छातीशी धरली, मान जराशी तिरकी केली. आणि या खेपेला काहीही विचारलं नाही.